डाग, पोत आणि सबुरी

(लखनौ येथे मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. उपशीर्षके स्मरणिकेसाठी घातली आहेत.)



गणेशोत्सवातले व्याख्यान म्हटले की अध्यात्म, इतिहास किंवा आरोग्य हे विषय ठरलेले असतात. कार्यकारिणीने मला विषय विचारला तेव्हा मी ‘कपड्यांवरचे डाग’ असे सांगितले. फोनवर पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग “चालेल, पण कार्यक्रमपत्रिकेत जरा बरे नाव देऊ,” असे उत्तर आले. ते बरे नाव आपण वर वाचलेच असेल.

पण आता जरा आजूबाजूला पाहा. पुरुष मंडळी खादीच्या नाही तर चिकनच्या पांढऱ्या कुर्त्यात आहेत. भगिनींपैकी अनेकींच्या अंगावर चिकनच्या साड्या आणि सुती ड्रेस आहेत. आणि उत्सव संपेपर्यंत काय काय होणार आहे? निरांजनातले तूप सांडणार, महाप्रसादाची आमटी उडणार, हळदीकुंकू होणार, शेंदूर आणि अष्टगंध लागणार, आणि शेवटी गुलाल. म्हणजे विषय अगदीच प्रसंगाला सोडून नाही.

मी यांत्रिकी शाखेचा पदविकाधारक. कापडशास्त्र मी शिकलेलो नाही. पण वातानुकूलित डब्यातल्या प्रवाशांना ज्या चादरी, उशांचे अभ्रे आणि छोटे टॉवेल मिळतात, ते धुणाऱ्या यांत्रिक धुलाईगृहाच्या यंत्रांशी नोकरीत काही वर्षे माझा संबंध आला. यंत्र बघता बघता माणूस कपडा आणि डागही बघू लागतो. चहा, भाजीचा रस्सा, डोक्याचे तेल, बॉलपेन, पान, सगळे तिथे गठ्ठ्यांनी येते. तिथे जे कळले आणि घरी करून पाहिले, तेवढेच आज सांगणार आहे.

चार भागीदार

धुलाईच्या धंद्यात एक साधे सूत्र शिकवतात. हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने ते १९५९ मध्ये मांडले, म्हणून त्याला ‘सिनरचे वर्तुळ’ म्हणतात. कोणतीही वस्तू स्वच्छ करताना चार गोष्टी काम करतात : रसायन, उष्णता, घर्षण आणि वेळ. एक पोळी चार जणांत वाटावी तसे हे काम चौघांत वाटलेले असते. एकाचा वाटा कमी केला तर दुसऱ्याचा वाढवावा लागतो. पाणी थंड असेल तर जास्त वेळ भिजवावे लागते. वेळ नसेल तर साबण जास्त नाही तर रगडणे जास्त.

आता आपल्या घरात काय होते पाहा. डाग दिसला की आपण थेट घर्षणाकडे वळतो. ब्रश घे, दगडावर आपट, मुठीत धरून चोळ. नाहीच निघाला तर रसायनाकडे, म्हणजे ब्लीचकडे. वेळ हा भागीदार मात्र कोणाला आठवत नाही. खरे तर चौघांत फुकट मिळणारा तोच एक आहे, आणि कपड्याला सर्वांत कमी इजा करणाराही तोच.

कारखान्यातल्या सहकाऱ्यांना हे लगेच पटेल. गाडीत हॉट ॲक्सल सापडला तर आपण त्यावर बादलीभर पाणी ओतून मोकळे होत नाही. बेअरिंग गेले, वंगण संपले की ब्रेक बाइंडिंग झाले, हे आधी पाहतो. डागाचेही तसेच. तो कशाचा आहे आणि कोणत्या कापडावर आहे, एवढे कळले की अर्धे काम झाले.

पोताचे कापड वेगळे का

मांजरपाट किंवा पॉपलीनसारखे सपाट कापड घ्या. डाग त्याच्या पृष्ठभागावर बसतो. पण खादीचे सूत हाताने कातलेले, कुठे जाड कुठे बारीक. टर्किश टॉवेलला धाग्याचे उभे फासे. सोलापुरी चादरीत जाड सुताची नक्षी. सीरसकरमध्ये एक पट्टा सपाट आणि एक चुण्यांचा. हे नाव मुळात फारसी ‘शीर-ओ-शकर’ म्हणजे दूध-साखर यावरून आले आहे. दूध म्हणजे गुळगुळीत पट्टा आणि साखर म्हणजे रवाळ. अशा प्रत्येक कापडात खाचा असतात. डाग त्या खाचांत उतरतो. वरून घासले की उंचवट्याचे धागे झिजतात आणि खाचेतला डाग तिथेच राहतो. झिजलेल्या धाग्यांची लव उठते, तिथे उजेड वेगळा परततो आणि डाग गेला तरी एक फिकट ठिगळ दिसत राहते. पुष्कळ लोक त्यालाच डाग समजून पुन्हा घासतात.

सुताची एक गंमत आहे. कापूस ओला झाला की कोरड्यापेक्षा थोडा अधिक मजबूत होतो. म्हणून तर धोब्याचे आपटणे सुती कपडा इतकी वर्षे सोसत आला. व्हिस्कोजचे, म्हणजे रेयॉनचे, नेमके उलटे. ते ओले झाले की फार कमजोर होते. आजकाल बाजारात सुतीसारखे दिसणारे पुष्कळ कुर्ते व्हिस्कोजचे असतात. तेव्हा आत शिवलेली चिठ्ठी वाचल्याशिवाय पिळू नका.

आणि सुताचा शत्रू कोण? आम्ल. सोड्यासारखा क्षार सूत सहन करते, पण तीव्र आम्लाने त्याचा तंतू तुटतो. लिंबू सौम्य आहे, तरी तेही वापरून झाले की भरपूर पाण्याने काढून टाकायचे. कपड्यात वाळू द्यायचे नाही.

चिकनचा धडा

आपण लखनौत राहतो, तेव्हा चिकनबद्दल बोललेच पाहिजे. २००८ मध्ये लखनौच्या चिकनकामाला भौगोलिक निर्देशांक मिळाला. टेपची, बखिया, फंदा, मुर्री, जाली ही टाक्यांची नावे इथल्या भगिनींना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहेत. फंदा आणि मुर्री हे टाके तांदळाच्या कणीसारखे किंवा बाजरीच्या दाण्यासारखे कापडाच्या वर उठलेले असतात.

हे काम होते कसे? आधी लाकडी ठशाने कापडावर निळ्या रंगात नक्षी छापतात. हा रंग मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. कारागीर बायका त्या निळ्या रेषांवरून भरतकाम करतात. मग कपडा धोब्याकडे जातो. तो कपडा आधी पाण्यात भिजत ठेवतो, मग निळा रंग काढतो, उजळतो, खळ देतो आणि इस्त्री करतो. गोमतीच्या काठावर हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

म्हणजे आपण दुकानातून आणतो तो प्रत्येक पांढरा चिकन कुर्ता आधी निळ्या डागांनी भरलेला असतो. तो डाग काढल्याशिवाय चिकन पुरे होत नाही. आणि ते काढताना मुर्रीचा एक दाणाही उसवत नाही, कारण पहिले काम भिजण्याचे असते, हाताचे काम त्यानंतर. आपल्याला घरी याहून वेगळे काही करायचे नाही.

पहिली दहा मिनिटे

डाग पडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत जे कराल त्याला नंतरच्या तासाभराची सर येत नाही. नियम थोडे आहेत.

१. टिपा, पुसू नका. कोरडे सुती फडके डागावर दाबून उचला. पुसले की डाग पसरतो आणि खाचेत उतरतो.

२. घट्ट पदार्थ चमच्याच्या मागच्या टोकाने बाहेरून आत खरवडून घ्या.

३. पाणी मागच्या बाजूने सोडा. डाग ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जाऊ द्या. पुढून नळ सोडला तर तो कापडाच्या आरपार जातो.

४. कशाचा डाग आहे हे कळेपर्यंत गरम पाणी नको. आणि डाग असलेल्या कपड्यावर इस्त्री तर मुळीच नको.

५. कोणतेही औषध आधी आतल्या शिवणीवर लावून पाहा. रंग उतरला नाही तरच पुढे.

यानंतर भिजवणे. साधी पावडर आणि कोमट पाणी, अर्धा ते एक तास. बऱ्याच पावडरींत आता एन्झाइम असतात. पुडक्यावर तसे लिहिलेले असते. ते दूध, अंडे, घाम, वरण-भात असे डाग अक्षरशः पचवतात, पण त्यांना वेळ लागतो. त्यांच्यावर उकळते पाणी ओतले तर ते निकामी होतात. मग ब्रश घ्यायचा असेल तर जुना, मऊ दातांचा टूथब्रश घ्या. खालून टॉवेलची घडी ठेवून हलके थोपटा. मागे-पुढे घासू नका. चिकनच्या उठावाच्या टाक्यांना ब्रश लावूच नका. बोटांनी दाबा आणि सोडा.

एकेक डाग

हळद. आपला राष्ट्रीय डाग. आमटीचा थेंब पिवळा असतो, साबण लावला की लाल होतो आणि घरात घबराट उडते. घाबरू नका. हळदीतले कर्क्युमिन क्षारात लालसर होते आणि साबण क्षारधर्मी असतो, एवढेच. खळबळून काढले की पुन्हा पिवळे दिसते. आधी आमटीच्या फोडणीचे तेल पावडरीने किंवा भांड्याच्या द्रव साबणाने काढा, कारण कर्क्युमिन पाण्यात नव्हे, तेलात विरघळते आणि तेलाला धरून राहते. मग कपडा ओलसर असतानाच कडक उन्हात घाला. सूर्यप्रकाशात कर्क्युमिनचे विघटन होते. दोन-तीन दिवस, रोज ओला करून. आपल्या आज्या हेच करीत होत्या. रंगीत कपड्याला मात्र फार वेळ ऊन देऊ नका, त्याचा स्वतःचा रंगही जाईल.

चहा. दुधाचा चहा म्हणजे दोन डाग एकत्र : चहातले टॅनिन आणि दुधातले प्रथिन. गरम पाण्याने प्रथिन चिकटून बसते, म्हणून पहिले पाणी थंड. चहावर वडीचा साबण चोळू नका, त्याने टॅनिन अधिक घट्ट बसते. पावडरीत भिजवा. पांढऱ्या सुती कपड्यावर तपकिरी कडा राहिलीच तर औषधाच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. ते बहुधा सहा टक्क्यांचे मिळते. तेवढेच पाणी घालून ते कापसाने डागावर ठेवा आणि अर्ध्या तासाने धुवा. पाणी मिसळलेले पेरॉक्साइड बाटलीत घट्ट बंद करून ठेवू नका, वायू साठतो.

तेल, तूप, ग्रीस. निरांजनातले तूप असो की कारखान्यातले ग्रीस, पहिला उपाय कोरडा. टाल्कम पावडर किंवा खडूची पूड दाबून बसवा, पंधरा मिनिटांनी झटका. तेल बरेचसे पूड शोषून घेते. मग भांड्याचा द्रव साबण पाणी न लावता डागावर ठेवा, दहा मिनिटांनी कोमट पाणी. पाणी आधी लावले तर साबण तेलापर्यंत पोहोचण्याआधीच पातळ होतो. ग्रीसमधली काळी पूड उरली तर हेच पुन्हा करा. सहकाऱ्यांनो, घरी पेट्रोल वापरू नका. देवघरात समई आणि मोरीत पेट्रोलचा बोळा, हे एका छपराखाली चालायचे नाही.

पान. इथे राहून हा डाग टाळणे कठीण. कातात टॅनिन असते आणि चुन्याच्या क्षाराने त्याचा रंग गडद लाल होतो. म्हणून क्षाराला उत्तर सौम्य आम्लाचे : दही किंवा लिंबाचा रस दहा-पंधरा मिनिटे, मग भरपूर पाणी. मग पावडरीत भिजवणे. पांढऱ्या कपड्यावर शेवटी पेरॉक्साइड.

गंज. वाळत घालायची तार, सेफ्टी पिन, पेटीचा कोपरा. गंज साबणाने निघत नाही आणि ब्लीचने उलट पक्का होतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, वाळू लागले की पुन्हा रस, मग खूप पाण्याने धुवा. हे पेरॉक्साइडच्या आधी केले पाहिजे. लोखंडाचा अंश असताना पेरॉक्साइड लावले तर तेवढ्याच जागी प्रक्रिया भडकते आणि कापडाला भोक पडते. बाजारात मिळणारे ऑक्झॅलिक आम्ल गंज चटकन काढते, पण ते विषारी आहे. मुले असलेल्या घरात आणू नये, असे माझे मत.

रक्त. थंड पाणी, आणि तेही लगेच. थोडे मीठ चालेल. गरम पाण्याने रक्तातले प्रथिन शिजते आणि डाग कायमचा होतो. घरातल्या भगिनींना चादरीवरचे असे डाग लपवून, घाईघाईत, मिळेल त्या पाण्याने धुवावे लागतात. ते लपवावे लागू नयेत आणि मुलांनाही थंड पाण्याचा नियम ठाऊक असावा, एवढे मी इथे मोकळेपणाने सांगतो.

घाम. कॉलर आणि काखेतला पिवळेपणा ब्लीचने जात नाही, वाढतो. धुण्याचा सोडा एक चमचा अर्ध्या बादली कोमट पाण्यात, एक तास. हातमोजे घाला. आपल्याकडे बोअरच्या जड पाण्यात वडीचा साबण फेस धरत नाही. त्याचा करडा थर टॉवेलच्या फाशांत बसतो आणि टॉवेल पापडासारखा कडक होतो. अशा पाण्यातही सोडा उपयोगी पडतो.

शाई. बॉलपेनला स्पिरिट. खाली जुने फडके ठेवा, स्पिरिटच्या कापसाने वरून टिपा आणि खालचे फडके सरकवत राहा, नाही तर निघालेली शाई पुन्हा तिथेच बसेल. जेलपेनची शाई हट्टी असते, तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

गुलाल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला पाणी लावू नका. आधी कपडा घराबाहेर उलटा करून चांगला झटका. कोरडा गुलाल खाचांतून आपोआप पडतो, ओला झाला की खाचेत रंगवून जातो. मग भरपूर थंड पाण्यात, इतर कपड्यांपासून वेगळा. आणि एक जुनी युक्ती : विसर्जनाच्या कुर्त्याला आदल्या दिवशी खळ द्या. खळीचा थर सुतावर राहतो, रंग त्या थरावर बसतो आणि धुताना खळीबरोबर निघून जातो. खळ नुसत्या रुबाबासाठी नसते.

बुरशी. भाद्रपदातल्या दमट हवेत टॉवेलवर आणि गोधडीवर काळे ठिपके येतात. कोरडे असताना बाहेर झटका, ऊन द्या, मग धुवा. ठिपके राहिले आणि कपडा पांढरा असला तर पेरॉक्साइड. जुन्या ठिपक्यांची खूण बहुधा राहतेच.

ब्लीचविषयी दोन शब्द

क्लोरीनने कापड उजळते हे बर्थोले या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८५ मध्ये दाखवले. १७९९ मध्ये टेनंटने ब्लीचिंग पावडरीचे पेटंट घेतले. त्याआधी युरोपात कापड आठवडेच्या आठवडे कुरणात उन्हात पसरून उजळवीत. म्हणजे ब्लीचने वेळेचा वाटा रसायनाला दिला. फायदा मोठा झाला, पण किंमत सुताने मोजली. प्रत्येक वेळी ब्लीचने डागाबरोबर तंतूही थोडा खाल्ला जातो. आमच्याकडे रेल्वेत कंडम होणाऱ्या चादरी पाहिल्या तर डागाने गेलेल्यांच्या जोडीला उजळून उजळून विरलेल्याही असतात.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे मिश्रण. संडास साफ करायच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. क्वार्टरमधली आपली मोरी केवढी असते ते आपल्याला माहीत आहे. खिडकी उंचावर, तीही बंद. तिथे सणाच्या घाईत कोणी ‘डागही निघेल, फरशीही निघेल’ म्हणून दोन बाटल्या एका बादलीत ओतू नयेत. ब्लीच आणि अमोनियाही एकत्र नको. चुकून झालेच तर बादली ओतायला थांबू नका. श्वास रोखून बाहेर या, दार उघडे टाका, आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल तर थेट दवाखाना गाठा. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ब्लीच किंवा आम्ल भरून ठेवण्याची सवय आजच मोडा. लहान मूल बाटली ओळखते, चिठ्ठी वाचत नाही.

कुठे थांबायचे

जुना डाग पूर्ण निघेलच असे नाही. दोन-तीन वेळा भिजवून, ऊन देऊन पाहिले आणि फिकट खूण राहिली, तर थांबावे. खूण असलेला कुर्ता आणखी पाच वर्षे घालता येतो, भोक पडलेला येत नाही. आजीच्या गोधडीवरचा डाग तर राहिला तरी चालेल. ती विरली तर दुसरी आणता येत नाही.

हे काम कोणाचे

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मुख्यतः पुरुष मंडळींसाठी आहे.

१८८८ मध्ये सनलाइट साबणाच्या पेट्या कोलकात्याच्या बंदरात उतरल्या. १९५९ मध्ये सर्फ आली, १९६९ मध्ये निरमा. त्याआधी रिठे, शिकेकाई आणि सोडा होता. साबण बदलला, यंत्रे आली, पण घरातली एक पद्धत बदलली नाही. डाग पाडतो एक आणि काढते दुसरी. सकाळी नऊला शर्टवर चहा सांडतो. आपण रुमालाने पुसतो, म्हणजे पसरवतो, आणि कामाला लागतो. संध्याकाळी शर्ट टोपलीत जातो. दुसऱ्या दिवशी तो बायकोच्या, आईच्या किंवा कामवाल्या बाईंच्या हातात पडतो. तोवर डाग चोवीस तासांचा झालेला असतो. मग ती माउली अंगठ्याची साले निघेपर्यंत घासते आणि आपण विचारतो, “निघाला नाही का नीट?”

सिनरच्या वर्तुळाकडे पुन्हा पाहा. वेळ हा भागीदार सांडल्या क्षणापासून आपल्या बाजूने किंवा आपल्या विरुद्ध काम करू लागतो. त्या क्षणी तिथे हजर कोण असते? ज्याच्या अंगावर सांडले तो. आपण गमावलेली दहा मिनिटे दुसऱ्या कोणाला तरी हातांच्या कातडीने भरून द्यावी लागतात. म्हणून डागाचे पहिले काम डाग पाडणाऱ्याचे. थंड पाण्याचा नळ प्रत्येक कचेरीत आहे, सुती रुमाल प्रत्येकाच्या खिशात आहे. याला ना पदवी लागते ना पदविका.

कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. महाप्रसादाच्या दिवशी हात धुण्याच्या जागेशेजारी एक छोटे टेबल मांडावे. त्यावर स्वच्छ जुनी सुती फडकी, टाल्कम पावडरचा डबा, भांड्याचा द्रव साबण आणि दोन लिंबे ठेवावीत. खाली थंड पाण्याची बादली. टेबलाशी उभे राहायला मी स्वतः तयार आहे. आणखी दोन स्वयंसेवक हवेत, आणि ते पुरुष असावेत अशी माझी अट आहे. नावे आरतीनंतर माझ्याकडे द्यावीत.



गणपती बाप्पा मोरया!